या चुका टाळा : वर्गात फुलपाखरू वाढवताना

नागपुरातल्या तिसरीच्या पोरांना ‘रानातला प्राणी काढा’ म्हणा, चाळीस वह्यांत चाळीस वाघ निघतात. पेंच-ताडोबा जवळ असल्याचा परिणाम! पण वाघ काही बाकावर आणता येत नाही. अळी येते. पावसाळ्यात शाळेतल्या गोडलिंबाची कोवळी पानं नीट पाहा.

पहिली चूक तिथेच होते. पानावर चिमणीची विष्ठा दिसली म्हणून आपण झटकतो. बऱ्याचदा ती लिंबू-फुलपाखराची लहान अळी असते. पक्ष्यांना फसवायचं हे सोंग मास्तरांनाही फसवतं. मोठी झाली की ती हिरवी होते.

डब्याची चूक मी स्वतः केली. घट्ट झाकण, आत ओली पानं. दोन दिवसांत डब्याला घाम फुटला, विष्ठेला बुरशी आली आणि तीन अळ्या गेल्या. मुलं रडली ते वेगळंच. आता पानं कोरडी पुसून घालतो, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधतो, तळाचा कागद रोज बदलतो.

मुलं मायेनं कोबी-कोथिंबीर घालतात. ही अळी मात्र लिंबू, संत्रा, बेल, गोडलिंब याच कुळातली पानं खाते. बाजारातली जुडी नको, फवारणीचा भरवसा नसतो. काटोलकडचा एक मुलगा म्हणाला, “आमच्या बागेत बाबा हिला मारतात.” वर्गात जुंपली. असं भांडण लगेच मिटवू नका, संत्र्याचं रोप आणि अळी दोघांची बाजू मुलांनाच मांडू द्या.

डिवचलं की अळी डोक्यामागून केशरी शिंगं काढते, उग्र वास येतो. एकदा पाहिलं की पुरे. पेन्सिलीनं टोचत राहू देऊ नका.

कोष हलत नाही म्हणून मेला समजून फेकू नका. आठ-दहा दिवस, कधी जास्तही लागतात. डब्यात उभी काडी हवीच, कारण बाहेर आलेल्या फुलपाखराला लटकून पंख पसरावे लागतात. कोष फोडून ‘मदत’ केली तर पंख वाकडेच राहू शकतात. कोष काळपट झाला, आतून पंखांची नक्षी दिसू लागली आणि वार शनिवार असला, तर डबा घरी न्या. नाहीतर रविवारी बंद वर्गात ते फडफडत बसेल.

वाघ हवाच असेल तर ओल्या चिखलातला मांजराचा ठसा दाखवा. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजराच्या सहसा नाही, वाघाचंही तसंच. प्लास्टर ओतणार असाल तर ते घट्ट होताना तापतं, त्यात हात घालू देऊ नका.