सेंट लुसियात ‘डॉलर’ ऐकलं की आधी विचारा, कुठला?

कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावर दोन डॉलर चालतात, तिथला ईसी (ईस्टर्न कॅरिबियन) आणि अमेरिकन, आणि विकणारा नुसता "ट्वेंटी डॉलर्स" म्हणून मोकळा होतो. 27 ईसी म्हणजे 10 अमेरिकन, त्यामुळे न विचारता 20 ची अमेरिकन नोट पुढे केली की गेले जवळपास तिप्पट पैसे. राजधानी कॅस्ट्रीजच्या मार्केटात कोको स्टिक्स (कोकोच्या कांड्या) घेताना मी हेच करणार होतो, बायकोने हात धरला म्हणून वाचलो 😄

1. भाव ऐकला की लगेच "ईसी ऑर यूएस?" विचारायचं, टॅक्सीत तर बसायच्या आधीच.
2. कॅस्ट्रीजलाच एटीएममधून ईसी काढून घ्या. अमेरिकन नोट दिली तर सुट्टे बहुतेक ईसीतच परत मिळतात, आणि रेट दुकानदाराच्या मनाचा.
3. शुक्रवारी रात्री ग्रोस आयलेट गावात रस्त्यावरच पार्टी असते, भाजलेले मासे, रम, कानठळ्या बसवणारे स्पीकर, तिथे 5-10 ईसीच्या नोटा जवळ हव्यातच. (2024 मध्ये रोहितने ऑस्ट्रेलियाला 92 ठोकले ते ग्राउंड इथून जवळच, दिवसा बघून घ्या.)

फक्त रात्री उशिरा मिनीबसच्या भरवशावर राहू नका, परतीच्या टॅक्सीचं भाडं आधीच ठरवा, तेही कुठल्या डॉलरमध्ये ते विचारून.