काउंटीच्या नावातला जनरल नेमका कोणता, हे कसं शोधायचं

अमेरिकेचा नकाशा उघडला की ग्रीन, वेन, मर्सर, वॉरन, माँटगोमेरी ही नावं इतक्या राज्यांत दिसतात की वाटतं, यांच्याकडची नावंच संपली होती की काय. काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा, आणि यातली बरीचशी नावं स्वातंत्र्ययुद्धातल्या जनरल लोकांची आहेत. बरीचशी म्हणतोय, सगळी नाही, घोळ तिथेच होतो.

पहिल्यांदा काउंटी कधी झाली ते बघा, नावाचं नंतर. लिंकन काउंटी म्हटलं की आपण डोळे झाकून अब्राहम लिंकन म्हणून मोकळे होतो, पण नॉर्थ कॅरोलायनातली लिंकन काउंटी १७७९ ची आहे आणि अब्राहम जन्मला १८०९ ला. ती जनरल बेंजामिन लिंकनच्या नावाची. एका सालात निकाल लागला.

मग त्या साली ती जमीन कोणाकडे होती ते बघा. ही स्टेप लोक गाळतात आणि खरी मजा इथेच आहे. टेनेसीतली डेव्हिडसन काउंटी घ्या, जिच्यात नॅशव्हिल आहे. टेनेसीत लढलेला कोणी डेव्हिडसन शोधत बसलात तर बसूनच राहाल, कारण काउंटी झाली १७८३ ला आणि टेनेसी राज्य झालं १७९६ ला, काउंटी केली तेव्हा तो भाग नॉर्थ कॅरोलायनाचा होता. तिकडे वळलात की माणूस लगेच सापडतो, मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेचा, ब्रिगेडियर जनरल विल्यम ली डेव्हिडसन. १ फेब्रुवारी १७८१ ला ब्रिटिश जनरल कॉर्नवॉलिसची फौज कटॉबा नदी ओलांडत होती, तिला कोवन्स फोर्डला अडवताना गोळी लागून गेला. मृतदेहावरचे कपडेसुद्धा कोणी ठेवले नव्हते, रात्रीच दफन करावं लागलं. आणि नॅशव्हिलमधला नॅश? फ्रान्सिस नॅश, तोही नॉर्थ कॅरोलायनाचाच जनरल, १७७७ ला जर्मनटाउनच्या लढाईत जखमी होऊन वारला. सैनिकांना द्यायला पैसा नव्हता म्हणून राज्याने त्यांना याच भागातल्या जमिनी देऊ केल्या होत्या, तेव्हा नावंही त्यांच्याच जनरल लोकांची पडली यात नवल नाही. नंतर १८२२ ला खुद्द नॉर्थ कॅरोलायनातही एक डेव्हिडसन काउंटी झाली, माणूस तोच, त्यामुळे सर्च करताना राज्याचं नाव टाकाच.

काउंटी आणि तिच्यातलं शहर वेगवेगळं तपासा, हे तर मी ठासून सांगेन. अलाबामात माँटगोमेरी शहर आहे ते जनरल रिचर्ड माँटगोमेरीच्या नावाचं, जो १७७५ च्या शेवटच्या दिवशी क्विबेकवर हल्ला करताना मारला गेला. पण ते शहर ज्या माँटगोमेरी काउंटीत आहे तिचं नाव मेजर लेम्युएल माँटगोमेरीवरून, तो १८१४ ला हॉर्सशू बेंडच्या लढाईत पडला. नाव एक, माणसं दोन!

जुनं नावही बघून घ्या. नॉर्थ कॅरोलायनाची ग्रीन काउंटी आधी ग्लासगो होती, राज्याचा सेक्रेटरी जेम्स ग्लासगो याच्यावरून, तो जमिनीच्या घोटाळ्यात सापडला आणि १७९९ ला त्याचं नाव पुसून जनरल नथॅनिएल ग्रीनचं लावलं. न्यूयॉर्कची माँटगोमेरी काउंटी आधी ब्रिटिश गव्हर्नर ट्रायॉनच्या नावाची होती, युद्ध संपल्यावर ते नाव कोण ठेवणार, १७८४ ला बदललं.

काउंटी ज्या कायद्याने झाली तो मिळाला तर वाचाच, पण कधी कधी त्यात नुसतं नाव आणि हद्द असते, कारण नसतंच. अशा वेळी त्याच दिवशी झालेल्या शेजारच्या काउंट्या बघायच्या. पेनसिल्व्हेनियात १२ मार्च १८०० ला मर्सर, बटलर, वॉरन, आर्मस्ट्राँग अशा एकदम झाल्या आणि चौघेही जनरल, त्यामुळे एकाचा पत्ता लागला की बाकीच्यांचा अंदाज येतो. अंदाजच हं, कारण त्याच दिवशीची क्रॉफर्ड एका कर्नलच्या नावाची आहे आणि बीव्हर चक्क नदीच्या.