हलक्या ट्रॅककारचे ब्रेक रोटर: निवड, बदल आणि बसवणी

ब्रेकचा रोटर म्हणजे चाकासोबत फिरणारी तबकडी; पेडल दाबले की पॅड, म्हणजे घर्षणाचे ठोकळे, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. मोठे रोटर बसवले की गाडी लवकर थांबते, हा समज गॅरेजांमध्ये फार पक्का आहे. प्रत्यक्षात मूळ ब्रेक जर पूर्ण दाबल्यावर चाके लॉक करू शकत असतील किंवा एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सुरू करू शकत असतील, तर पहिल्या एका ब्रेकिंगचे अंतर टायरची पकड ठरवते. रोटरचा व्यास वाढवून त्यात काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो ट्रॅकवरच्या पाचव्या-सहाव्या लॅपला, म्हणजे फेरीला, जेव्हा त्याच वळणाआधी तोच जोर लावूनही गाडी पुढे घसटत जाते. रोटर हा मुळात उष्णता साठवणारा आणि मग ती हवेला देणारा भाग आहे, आणि त्याची निवड त्याच हिशोबाने करावी लागते.

उदाहरणादाखल माझ्दाची पहिल्या पिढीची एमएक्स-५ घेऊ. १९८९ साली आलेली ही दोन आसनी गाडी जगभरातील हौशी ट्रॅक-चालकांची लाडकी आहे, आणि तिच्या ब्रेकमध्ये काय बदलता येते हे चांगले ठाऊक झालेले आहे. १.६ लिटर इंजिनाच्या गाडीला पुढे २३५ मिलिमीटर व्यासाचे, १८ मिलिमीटर जाडीचे, आतून हवा खेळवणारे रोटर असतात आणि मागे साधे भरीव. चालकासह गाडीचे वजन १,०५० किलो धरू. ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर येताना या गाडीला सुमारे ७७८ किलोज्यूल ऊर्जा टाकून द्यावी लागते. हवेचा विरोध आणि इंजिन ब्रेकिंग यांचा वाटा सोडून दिला आणि पुढच्या चाकांवर ७० टक्के भार धरला, तर पुढच्या प्रत्येक रोटरच्या वाट्याला साधारण २७२ किलोज्यूल येतात. रोटरच्या घासल्या जाणाऱ्या कड्याचे वजन ४ किलो असेल, तर एकाच ब्रेकिंगमध्ये त्याचे तापमान जवळपास १५० अंश सेल्सियसने चढते. पुढच्या वळणापर्यंत ते पुरेसे उतरले नाही, तर पुढचे १५० अंश त्याच्यावर चढतात.

या हिशोबातून दोन गोष्टी उघड होतात. कड्याचे वजन वाढले की प्रत्येक वेळची चढ कमी होते. बिडाचा जाड तवा पातळ तव्यापेक्षा सावकाश तापतो, तसेच हे आहे, आणि रोटरही बिडाचाच असतो. दुसरी गोष्ट अशी, की ऊर्जेच्या हिशोबात वेगाचा वर्ग होत असल्याने ट्रॅक बदलला की गरजही बदलते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यानंतर जो ब्रेक मारावा लागतो, त्याची तुलना कोइम्बतूरच्या छोट्या करी मोटर स्पीडवेवरच्या ब्रेकिंगशी होऊच शकत नाही. लहान ट्रॅकवर मात्र ब्रेकिंग वारंवार होते आणि थंड व्हायला वेळ मिळत नाही, म्हणून तिथेही गाफील राहून चालत नाही.

म्हणून खरेदीआधी तापमान मोजावे. रोटरच्या बाहेरच्या कडेला लावायचे उष्णतादर्शक रंग मिळतात. नेहमीच्या संचात हिरवा ४३०, नारिंगी ५६० आणि लाल ६१० अंशांना रंग बदलतो. तिन्हींचे ठिपके द्यावेत, नेहमीच्या वेगाने एक पूर्ण सत्र चालवावे आणि मग पाहावे. फक्त हिरवा बदलला असेल, तर रोटरला हात लावण्याची गरज नाही; त्या तापमानाला टिकणारे पॅड घ्यावेत. लालही बदलला असेल, तर रोटर खरोखरच अपुरा पडत आहे. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यात, परतल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून मिळणारा आकडा फसवा असतो, कारण शेवटच्या लॅपमध्ये रोटर बराच थंड झालेला असतो आणि चकचकीत पृष्ठभागावर ते यंत्र कमीच दाखवते.

पेडल कसे वागते, यावरूनही दोष ओळखता येतो. पेडल घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापले आहेत. पेडल मऊ होऊन खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळले आहे. डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश असतो, आणि ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली आलेला चालतो असे मानकच सांगते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत तेच जुने ऑइल ठेवून ट्रॅकवर जाणे म्हणजे संकटाला आमंत्रण. ऑइल आणि पॅड यांवरचा खर्च आधी करावा, रोटरवरचा नंतर.

रोटर मोठा करायचाच ठरले, तर एमएक्स-५ च्या बाबतीत सर्वांत शहाणा मार्ग कंपनीच्याच भागांतून जातो. १९९४ पासूनच्या १.८ लिटर गाडीचे पुढचे रोटर २५५ मिलिमीटर व्यासाचे आणि २० मिलिमीटर जाड आहेत. त्या गाडीचे कॅलिपर ब्रॅकेट (पॅड दाबणारा कॅलिपर ज्यावर बसतो तो आधार), रोटर आणि पॅड घेतले की ते जुन्या १.६ वर बसतात, मूळ कॅलिपर तसेच राहतात आणि १४ इंची चाकेही चालतात. मागचे ब्रॅकेट आणि रोटरही त्याच वेळी बदलावेत. केवळ पुढचा व्यास वाढवला, की ब्रेकचा भार आणखी पुढे सरकतो; पुढची चाके आधी लॉक होतात, मागचे ब्रेक निम्मे बेकार राहतात आणि एवढा खर्च करून थांबण्याचे अंतर उलट वाढते. उलट चूक, म्हणजे मागचा जोर अवाजवी वाढवणे, ही त्याहून धोकादायक, कारण वळणात शिरताना मागची चाके लॉक झाली तर गाडी गरकन फिरते. आपल्याकडच्या स्विफ्टसारख्या, मागे ड्रम असलेल्या हॅचबॅकवर पुढे मोठा रोटर चढवतानाही हाच विचार लागू होतो.

त्याहून मोठा, २७० मिलिमीटरचा रोटर नंतरच्या पिढीच्या स्पोर्ट ब्रेकमध्ये आहे, पण त्याला १४ इंची चाक पुरत नाही. इथे थांबून विचार करावा. रोटरचे वजन स्प्रिंगच्या खालचे असते आणि ते फिरतेही. व्यास वाढला की ते केंद्रापासून दूर जाते आणि गाडीला वेग घेतानाही त्याचा भार पडतो. ताकद न वाढवलेल्या हलक्या गाडीला २५५ मिलिमीटर पुरतात, असे माझे मत आहे. टर्बो बसवलेला असेल किंवा चिकट स्लिक (नक्षी नसलेले) टायर असतील, तर गोष्ट वेगळी.

पृष्ठभागाबद्दल थोडक्यात सांगतो. भोके पाडलेले रोटर दिसायला देखणे असतात, पण ओतकामानंतर ड्रिल केलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला तडा सुरू होतो. ट्रॅकसाठी ते घेऊ नयेत. खाचा असलेले रोटर पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवतात, पण पॅड लवकर संपवतात. सपाट, खाचा नसलेला, चांगल्या प्रतीच्या बिडाचा रोटर हलक्या गाडीला बहुतेक वेळा उत्तम आणि स्वस्तही पडतो, आणि तो ठरावीक काळाने टाकून देताना जीव कळवळत नाही. मधला भाग ॲल्युमिनियमचा आणि कडे बिडाचे, असे दोन भागांचे रोटर वजन वाचवतात आणि तापल्यावर कड्याला मोकळेपणाने फुगू देतात. नियमित स्पर्धा करणाऱ्यालाच तो खर्च परवडतो. रोटरच्या आत हवा खेळवणाऱ्या पात्या वक्र असतील, तर डावा आणि उजवा रोटर वेगळा असतो. पात्यांचे बाहेरचे टोक फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेले असावे. पृष्ठभागावरच्या खाचांची दिशा पाहून डावे-उजवे ठरवू नये. नेमकी तिथेच गफलत होते.

बसवताना हबचा, म्हणजे रोटर आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाचा, पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करावा. गंजाची एक खपलीही रोटरला तिरके बसवते. चाकाचे नट लावून रोटर घट्ट करावा, डायल गेजची (बारीक हालचाल मोजणाऱ्या घड्याळासारख्या मापकाची) सुई कडेपासून सेंटीमीटरभर आत टेकवावी आणि रोटर हाताने सावकाश फिरवावा. सुई एका फेरीत ०.०५ मिलिमीटरहून जास्त हलत असेल, तर रोटर काढून बोल्टचे एक छिद्र सरकवून पुन्हा बसवावा. नवीन रोटरवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावे.

त्यानंतर पॅड आणि रोटर एकमेकांना सरावले पाहिजेत. मोकळ्या, सुरक्षित जागी ताशी १०० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावावा, जोर दर वेळी थोडा वाढवावा, पण गाडी पूर्ण थांबवू नये, आणि शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवावी. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल, तर तीच पाळावी. तापलेल्या रोटरवर पॅड दाबून उभे राहिले की तिथे पॅडचा थर चिकटतो आणि पेडल थरथरू लागते. 'रोटर वाकला' म्हणून येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ हेच असते. ट्रॅकवरून आल्यावर हँडब्रेक न ओढण्याचे कारणही तेच, कारण एमएक्स-५ चा हँडब्रेक मागच्या रोटरवरच चालतो. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला अडकण लावावी.

एवढे करूनही लाल रंग बदलत असेल, तर पुढच्या बंपरमधून ७५ मिलिमीटरचा हवेचा पाइप आणावा. त्याचे तोंड रोटरच्या मध्यभागी, पात्यांकडे हवा जाईल असे ठेवावे. एकाच बाजूच्या पृष्ठभागावर झोत सोडला, तर दोन बाजूंच्या तापमानातील फरकाने रोटर छत्रीसारखा वळतो.

प्रत्येक ट्रॅक-दिवसाआधी जाडी मायक्रोमीटरने मोजावी आणि रोटरवर कोरलेल्या किमान आकड्याशी ताडून पाहावी. १.८ च्या पुढच्या रोटरसाठी ती मर्यादा १८ मिलिमीटर आहे, म्हणजे झिजायला एकूण दोनच मिलिमीटर मिळतात. केसासारख्या बारीक रेषा चालतात. नख अडकेल इतका तडा किंवा बाहेरच्या कडेपर्यंत पोचलेला तडा दिसला, तर त्याच दिवशी रोटर बदलावा. लेथवर घासून त्याचे आयुष्य वाढवू नये, कारण त्यात नेमके ते वजन जाते, ज्यासाठी तो घेतला होता.