उमेद शिकण्यासाठी शहरात कसे हिंडावे

उगवत्या सूर्याच्या चित्राखाली लिहिलेले सुविचार रोज सकाळी मोबाईलवर येऊन पडतात. ते वाचून कोणाची वृत्ती पालटल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. उमेदीने जगणारी माणसे बहुधा आपल्या कामात गढलेली असतात आणि आपल्याकडून कोणी काही शिकतो आहे याची त्यांना कल्पनाही नसते. त्यामुळे त्यांच्याकडून शिकायचे म्हटले, तर थोडी पद्धत लागते. कोल्हापुरात हिंडताना मला जी जमली, ती येथे मांडतो.

प्रथम एक वाट आणि एक वेळ ठरवावी आणि शक्यतो पायी जावे. माझी वाट रंकाळ्यावरून गंगावेशीत आणि तेथून पंचगंगेच्या घाटाकडे जाते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काही घडत नाही, कारण अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलण्याइतका वेळ कोणालाच नसतो. आठवड्याभराने मात्र मान हलते आणि पंधरवड्यात बोलणे सुरू होते. जेथे माणसाला थांबावेच लागते, अशा जागा धराव्यात. म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध देणारे दूधकट्टे यासाठी उत्तम, कारण आपला पेला भरेपर्यंत शेजारच्याशी दोन शब्द सहज होतात.

बोलणे सुरू झाले की प्रश्न कामाविषयी विचारावा. ‘तुम्ही एवढे आनंदी कसे राहता?’ असे विचारले, तर समोरचा माणूस एक तर लाजतो किंवा ऐकीव वाक्य फेकतो. ‘हे असे का करता?’ या प्रश्नाला मात्र खरे उत्तर मिळते.

एका पावसाळ्यात माझ्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा सुटला. घाईत होतो, म्हणून रस्त्याकडेच्या चर्मकार मामांना म्हणालो, “मामा, वरून दोन टाके घाला, तेवढ्यावर चालेल.” त्यांनी चप्पल उलटी केली, अंगठ्याने तळ दाबून पाहिला आणि रापीच्या टोकाने जुना दोरा काढायला घेतला. “जुना टाका आधी उसवाय लागतोय. कुजक्या दोऱ्यावर नवा दोरा टिकत न्हाई,” ते मान वर न करता म्हणाले. मग आरीने एकेक भोक मोकळे करून त्यांनी नव्याने शिवण घातली. पैसे ठरले होते तेवढेच घेतले आणि जाताना बजावले, “उन्हात वाळवू नका, सावलीत ठेवा. कातडं तडकतंय.” बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याच्या, हातशिलाईच्या या चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने फार काही बदलले का, असे मी मामांना विचारले, तेव्हा ते हसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चप्पल हातात घेतली. त्या वीस मिनिटांत निराश होण्याजोगे बरेच काही होते. पाऊस होता, गिऱ्हाईक तुरळक होते. तरीही टाका उसवण्याचा कंटाळा त्यांनी केला नाही.

दुसरी शाळा नदीकाठी भरते, आणि माझ्या मते तीच अधिक कठीण. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात ओळखीचा माणूस भेटला की ‘पाणी किती फुटावर?’ हा प्रश्न ठरलेला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे येथील बहुतेकांना पाठ असते. २०१९ आणि २०२१ असे दोन मोठे महापूर सोसलेले नदीकडच्या पेठेतील एक किराणा दुकानदार आकडा ३९ कडे सरकू लागला की साखरेची आणि डाळींची पोती वरच्या फळ्यांवर चढवू लागतात. मी एकदा धीर देण्यासाठी म्हणालो, “अण्णा, यंदा काही होणार नाही.” ते म्हणाले, “न्हाई झालं तर पोती परत खाली घेऊ की. तेवढंच हात मोकळं हुतील.” आणि मला चहा दिला. धीर देणारे माझे वाक्य निव्वळ पोकळ होते, हे मला तेथेच कळले. म्हणून अशा भेटीत समजूत घालायला जाऊ नये. शक्य असेल तर एक पोते धरावे.

तालमीत जायला मिळाले तर हरलेल्या पोराकडे पाहावे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये, उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानात कुस्ती पाहतानाही हीच सवय ठेवावी. जिंकणाऱ्याकडे सगळेच पाहतात. हरलेला अंगावरची माती झटकतो आणि वस्तादांना पहिले काय विचारतो, ते ऐकण्यासारखे असते.

काही पथ्ये पाळावीत. गर्दीच्या वेळी प्रश्न विचारू नयेत, विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत आणि दुसऱ्याची ओढाताण पाहून ‘आपले त्यामानाने बरे आहे’ असे समाधान मानून घेऊ नये. ते समाधान फुकटचे असते आणि टिकतही नाही. मन दोन-दोन आठवडे खचलेलेच राहत असेल, झोप व भूक उडाली असेल, तर मात्र हिंडण्यावर विसंबू नये. डॉक्टरांकडे जावे किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

रात्री वहीत एकच ओळ लिहावी. तीत आपल्याला काय वाटले ते नको, समोरच्याने काय केले तेवढेच असावे. ‘फार प्रेरणा मिळाली’ असे लिहिले, तर महिन्याभराने त्यातून काहीच आठवत नाही. ज्या दिवशी कोणी भेटले नाही, तो दिवस कोरा ठेवावा, ओढूनताणून भरू नये. माझ्या वहीत असे कोरे दिवस पुष्कळ आहेत. मागच्या एका ऑगस्टमधली नोंद अशी: ‘पाणी ३९ फूट. साखर वरच्या फळीवर. चहा चालू.’