जुन्या लाकडी वस्तूचा मूळ उपयोग ओळखताना या चुका टाळा

बडोद्यातील दांडिया बाजार किंवा रावपुरा भागातले एखादे जुने मराठी घर रिकामे होऊ लागले, की माळ्यावरून आणि जिन्याखालून अशा काही लाकडी वस्तू निघतात, ज्यांचे नाव घरातल्या कोणालाच ठाऊक नसते. मग प्रत्येक जण अंदाज बांधतो आणि जो सर्वांत ठासून बोलतो त्याचाच अंदाज पुढे घराण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आमच्याकडेही उतरत्या झाकणाची एक बैठी सागवानी पेटी कित्येक वर्षे ‘पोथीची पेटी’ म्हणून देवघरात होती, कारण तिच्या उतारावर पोथी ठेवून मांडी घालून वाचणे फार सोयीचे होई. बिजागरी निखळली म्हणून सुताराला बोलावले, तेव्हा त्याने ती उजेडाकडे तिरकी धरून आतल्या उजव्या कप्प्यातले दोन वाटोळे खळगे, त्यांच्याभोवतीचे निळसर काळे डाग आणि शेजारची वीतभर लांब पन्हळ दाखवली. खळगे दौतींचे होते, पन्हळ टाकाची होती आणि झाकणाच्या खालच्या कडेला जिथे लाकूड गुळगुळीत झाले होते, तिथे लिहिणाऱ्याचे मनगट टेकत असे. गादीवर बसून कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या मुनीमाचे ते मेज होते.

आकार पाहून नाव ठरवणे ही चूक अशी सहज घडते. सर्वाधिक नुकसान मात्र दुसऱ्याच चुकीने होते, आणि ती म्हणजे वस्तू नीट पाहण्याआधी तिला पॉलिश करणे. सँडपेपर फिरला की शाईचे, तेलाचे आणि पाण्याचे डाग, हाताने आलेली झिलई, काढून टाकलेल्या कड्यांच्या खुणा, असा सगळा पुरावा भुश्यात जातो. म्हणून वस्तू आधी उलटी करावी, तळाशी व मागच्या बाजूला टॉर्चचा प्रकाश आडवा टाकावा आणि खण बाहेर काढून त्याचा वास घ्यावा. हिंगाचा वास मुरलेल्या खणात कोणी दागिने ठेवले असतील असे मला वाटत नाही.

भोके आणि त्यांची झीज यांकडे दुर्लक्ष करू नये. हल्ली झोपाळ्याच्या फळीला पाय लावून तिचे टीपॉय करण्याची हौस आहे, आणि असे टीपॉय पुढे ‘जुने मेज’ म्हणून विकले जाते. फळीच्या चारही कोपऱ्यांत भोके बुजवल्याच्या गोल खुणा असतील, तळाशी आडव्या पट्ट्या असतील आणि पायांचे लाकूड वेगळ्या रंगाचे असेल, तर ती फळी एके काळी पितळी कड्यांवर झुलत होती असे समजण्यास हरकत नाही. संखेड्याच्या रंगीत, लाखकाम केलेल्या खांबांचीही अशीच गफलत होते. संखेडा बडोद्यापासून फार दूर नाही आणि तिथले कातीव काम घरोघरी आले, त्यामुळे दोन बाजूंचे पाय आणि वर आडवा दांडा एवढेच उरलेले सांगाडे पुष्कळ दिसतात. त्यांना टॉवेल टांगण्याचा स्टँड म्हणण्याआधी दांड्याचा मधला भाग बोटांनी चाचपावा. तिथे लाखेचा रंग उडून खाच पडली असेल, तर ते घोडियूचे, म्हणजे बाळाच्या कापडी झोळीचे खांब असण्याचा संभव अधिक.

जाळीच्या दारांचे कपाट पुस्तकांचे समजले जाते. त्याचे पाय तळाशी दोन-तीन इंच काळवंडलेले असतील, तर मुंग्या चढू नयेत म्हणून ते पाण्याच्या वाट्यांत उभे असत आणि आत दूधदुभते राहत असे. संगमरवरी माथ्याला मधोमध मोठे गोल भोक असलेले मेज हात-तोंड धुण्याचे, त्या भोकात चिनी मातीचे भांडे बसे. लांबलचक हातांची आरामखुर्ची पाहून हातांवर पुस्तक किंवा पेला ठेवत असावेत असे वाटते, पण ते हात पाय लांबवून टेकण्यासाठी असत.

खिळे-स्क्रूंवरून घाईने निष्कर्ष काढणेही टाळावे. अधिकच्या चिन्हाची खाच असलेले स्क्रू 1930 च्या दशकानंतर प्रचारात आले, हे खरे. परंतु असा स्क्रू आढळला म्हणजे वस्तू नवी ठरत नाही, एवढेच कळते की त्यानंतर कधीतरी तिची दुरुस्ती झाली. तो स्क्रू जुन्याच भोकात आहे की नव्या भोकात, हे पाहिल्यास मूळ कडी किंवा कुलूप कुठे होते हेही समजते.

शेवटची चूक म्हणजे वस्तूचा एकच उपयोग गृहीत धरणे. आमच्या त्या पेटीच्या डाव्या कप्प्यात शाईचा एकही डाग नव्हता. फटीत मात्र गंजलेल्या टाचण्या, दोन हुक आणि शिंप्याच्या खडूचा निळा चुरा होता. मुनीमांनंतर आणि पोथीच्या आधी ती आजीच्या शिवणाची पेटी होती, आणि हे आम्हाला तिने कधी सांगितले नव्हते.