प्रयोगशाळा आणि पट: स्पर्धक खेळाडू असलेल्या औषधसंशोधकाचे चरित्र कसे लिहावे

औषधसंशोधनात उमेदीची सगळी वर्षे घालवलेल्या आणि त्याच काळात बुद्धिबळ, ब्रिज, गो किंवा स्क्रॅबल यांसारखा खेळ स्पर्धांमध्ये उतरून खेळलेल्या व्यक्तीचे चरित्र लिहायला घेतले, की पहिली अडचण माणसांची येते. तिला ओळखणाऱ्यांची दोन वर्तुळे असतात आणि ती एकमेकांना सहसा ओळखत नाहीत. सहकाऱ्यांना ‘बुद्धिबळाचा नाद होता’ एवढेच ठाऊक असते, तर क्लबातल्या मंडळींना ‘कुठल्याशा औषध कंपनीत होते’ एवढेच. बहुतेक स्मृतिलेख यांपैकी एका वर्तुळात लिहिले जातात आणि दुसरे अर्धे आयुष्य एका वाक्यात उरकतात. दोन्ही बाजू सारख्याच कसोशीने कागदांवरून तपासाव्यात आणि एका बाजूने दुसरीचा अर्थ लावण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. पुढील सूचना त्याच मतावर आधारलेल्या आहेत.

आधी कागद वाचवावेत

घर आवरताना खेळाचे कागद सर्वांत आधी फेकले जातात, कारण डावांच्या नोंदी असलेल्या मळकट वह्या आणि स्कोअरशीट कुटुंबीयांना निरर्थक आकड्या-अक्षरांनी भरलेल्या दिसतात. म्हणून लेखनाचा विचार पक्का होण्याआधीच घरच्यांना गाठून हे कागद बाजूला ठेवायला सांगावे. त्यांत स्पर्धांची प्रवेशपत्रे, निकालपत्रके, पत्रव्यवहाराने खेळलेल्या डावांची पोस्टकार्डे, समासात टिपणे असलेली खेळाची पुस्तके आणि रेटिंगची जुनी प्रमाणपत्रे असू शकतात. ते ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने त्यांची छायाचित्रे काढावीत, कारण एकाच पाकिटात एकत्र ठेवलेल्या दोन कागदांचा संबंध पुढे कोणी सांगू शकेलच असे नाही.

प्रयोगशाळेच्या कागदांची गोष्ट वेगळी आहे. प्रयोगवही ही सामान्यतः संशोधकाची नसून संस्थेची मालमत्ता असते आणि तिच्यातली अप्रकाशित माहिती निवृत्तीनंतरही गोपनीयतेच्या कराराखाली राहते. घरात अशी वही सापडली, तर तिच्यातला मजकूर उतरवून घेऊ नये. संस्थेला कळवावे आणि पाहण्याची रीतसर परवानगी मागावी. परवानगी मिळाली, तर पानांच्या तळाशी असलेल्या साक्षीदारांच्या सह्या अवश्य टिपून घ्याव्यात. मार्च २०१३पर्यंत अमेरिकेत पेटंटवरचा हक्क पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला नव्हे, तर पहिल्यांदा शोध लावणाऱ्याला मिळत असे. त्यामुळे नोंदीची तारीख सिद्ध करता यावी म्हणून प्रत्येक पान दुसऱ्या सहकाऱ्याकडून वाचून सही करून घेण्याची शिस्त अनेक कंपन्यांनी पाळली. त्या सह्या म्हणजे कोणाच्या मुलाखती घ्यायच्या याची आयती यादीच असते.

संशोधनाची बाजू

वही हाती आली नाही, तरी प्रकाशित नोंदी पुष्कळ असतात. पेटंट, शोधनिबंध आणि परिषदांमधले सारांश यांतून कामाचा आराखडा उभा राहतो. पेटंट वाचताना काही गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात. एकाच शोधासाठी अनेक देशांत अर्ज केले जातात आणि त्या प्रत्येकाला वेगळा क्रमांक मिळतो. त्यामुळे ‘नावावर चाळीस पेटंटे’ असे लिहिण्याआधी ती मुळात किती शोधांची कुटुंबे आहेत, हे मोजावे. अर्ज बहुधा पहिल्या दाखल-तारखेनंतर १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, म्हणून कालपट लिहिताना प्रसिद्धीची तारीख न धरता अग्रक्रमाची, म्हणजे पहिल्या अर्जाची, तारीख धरावी, आणि प्रत्यक्ष काम त्याच्याही आधीचे आहे हे लक्षात ठेवावे. शोधनिबंधात पहिल्या आणि शेवटच्या लेखकाच्या स्थानाला अर्थ असतो, परंतु पेटंटातील शोधकांच्या क्रमाला कायद्याने काही महत्त्व नसते. शिवाय शोधक म्हणून साधारणतः ज्यांचा मूळ कल्पनेत वाटा आहे त्यांचीच नावे येतात. ज्या औषधशास्त्रज्ञाने शेकडो संयुगांच्या चाचण्या करून त्यांतली निरुपयोगी बाजूला काढली, त्याचे नाव तिथे नसण्याचीच शक्यता अधिक असते. पेटंटांची संख्या ही कर्तृत्वाची मोजपट्टी मानली, तर अशा माणसावर अन्याय होतो.

त्यानंतर ही व्यक्ती औषध तयार होण्याच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर काम करत होती, ते शोधून काढावे. ‘औषधसंशोधक’ हा शब्द फार ढोबळ आहे. संश्लेषण करणारा रसायनशास्त्रज्ञ, प्राण्यांवरील विषारीपणाच्या चाचण्या पाहणारा, गोळी किंवा कॅप्सूलची रचना ठरवणारा आणि चाचण्यांची आकडेवारी तपासणारा, या चौघांचे दिवस अगदी वेगवेगळे असतात. गोळीची रचना ठरवणाऱ्याचे काम वाचकाला दुय्यम वाटण्याचा धोका असेल, तर रिटोनाविरचे उदाहरण द्यावे. एचआयव्हीवरचे हे औषध १९९६ मध्ये बाजारात आले आणि १९९८ मध्ये त्याचे स्फटिक अचानक एका नव्या, कमी विरघळणाऱ्या रूपात तयार होऊ लागले. रेणू तोच होता, तरीही कॅप्सूल मागे घ्यावी लागली आणि औषधाची मांडणी नव्याने करावी लागली. एवढ्या माहितीवरून त्या विभागातल्या माणसाची चिंता कशाबद्दल असते, हे वाचकाला उमगते.

सर्वांत जपून लिहावे ते यशापयशाबद्दल. एखाद्या लक्ष्याची, म्हणजे शरीरातल्या ज्या रेणूवर औषधाने परिणाम करायचा त्याची, निवड होण्यापासून औषध रुग्णापर्यंत पोहोचण्यास बहुधा १० ते १५ वर्षे लागतात. पहिल्या टप्प्यात काही डझन, बहुतेक वेळा निरोगी, स्वयंसेवकांवर, दुसऱ्यात काहीशे रुग्णांवर आणि तिसऱ्यात अनेकशे ते हजारो रुग्णांवर चाचण्या होतात, आणि मानवी चाचण्यांत उतरलेल्या साधारण दहा संयुगांपैकी एकालाच मान्यता मिळते. याचा सरळ अर्थ असा, की तीस वर्षे उत्तम काम केलेल्या संशोधकाच्या हातून बाजारात पोहोचलेले एकही औषध नसू शकते. कुटुंबीय अशा वेळी ‘त्यांनी अमुक औषध शोधले’ असे सांगतात, आणि लेखकालाही ते वाक्य हवेसे वाटते. ते लिहू नये. थांबवलेल्या प्रकल्पांची हकीकत लिहावी: प्रकल्प कोणत्या टप्प्यावर थांबला, कशामुळे थांबला आणि त्यातून पुढच्यांना काय कळले. जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी सुमारे ६००० बुरशींच्या जाती तपासून १९७३ मध्ये कॉम्पॅक्टिन वेगळे केले. ते संयुग स्वतः कधीच औषध म्हणून विकले गेले नाही, पण त्याच वाटेवरचे लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचा सारा वर्ग त्यातून उभा राहिला. प्रत्येक थांबलेल्या प्रकल्पाला असे भाग्य लाभत नाही, आणि लाभले नसेल तर तसे स्पष्ट लिहिण्यात कमीपणा नाही.

खेळाची बाजू

खेळाच्या बाबतीत लेखक आठवणींवर फार लवकर विश्वास ठेवतात. ‘एकदा ग्रँडमास्टरशी बरोबरी केली होती’ ही घरात वर्षानुवर्षे सांगितली गेलेली गोष्ट पुष्कळदा खरी असते. मात्र तो डाव स्पर्धेतला होता, की ग्रँडमास्टर एकाच वेळी वीस-तीस पटांवर खेळत असताना मिळवलेली ती बरोबरी होती, हे विचारलेच पाहिजे. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत, पण त्या एक नाहीत. स्पर्धेची निकालपत्रके, संघटनांची वार्तापत्रे आणि जुन्या वर्तमानपत्रांतले बुद्धिबळाचे स्तंभ यांवरून वर्ष, फेरी आणि प्रतिस्पर्धी यांची पडताळणी करता येते.

जुन्या स्कोअरशीट वाचण्यासाठी थोडी तयारी लागते. १९८१ पासून जागतिक बुद्धिबळ संघटनेने केवळ बीजगणिती पद्धतीची, म्हणजे प्रत्येक घराला एक अक्षर आणि एक आकडा देणारी, नोंद ग्राह्य धरली. त्याआधीच्या इंग्रजी नोंदी बहुधा वर्णनात्मक पद्धतीच्या असतात, ज्यांत प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूने घरे मोजतो. ही पद्धत जाणणाऱ्या खेळाडूकडून डाव पटावर मांडून घ्यावा, कारण घाईत लिहिलेल्या नोंदीतली चूक पटावर लगेच उघड होते.

रेटिंग हा आकडा लेखात येणारच, तेव्हा त्याचा अर्थ सांगावा. अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी घडवलेली पद्धत जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात आकड्याला स्वतंत्र अर्थ नसून दोन खेळाडूंमधल्या फरकाला अर्थ असतो. २०० गुणांचा फरक असेल, तर वरचढ खेळाडूने १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. वेगवेगळ्या संघटनांची किंवा वेगवेगळ्या दशकांची रेटिंगे सरळ शेजारी मांडू नयेत. त्या वर्षी त्या स्पर्धेतल्या इतरांचे रेटिंग काय होते, ते सांगणे जास्त प्रामाणिक ठरते.

ब्रिजमध्ये परिस्थिती निराळी असते. अनेक राष्ट्रीय संघटनांच्या पद्धतीत स्पर्धांतल्या यशाबद्दल एकदा मिळालेले मास्टर पॉइंट (गुण) कमी होत नाहीत, म्हणून मोठा आकडा कौशल्याइतकाच खेळण्याच्या वर्षांचाही निदर्शक असतो. डुप्लिकेट ब्रिजमध्ये तीच पाने प्रत्येक टेबलावर खेळली जातात. आपल्याला चांगली पाने आली का, यापेक्षा त्याच पानांवर इतरांनी काय केले यावर निकाल ठरतो. आणि हा खेळ एकट्याचा नसतोच. दीर्घकाळच्या भिडूची मुलाखत घेतल्याशिवाय ब्रिज खेळणाऱ्याचे चरित्र लिहिण्यास बसूच नये. बोलीची पद्धत दोघांनी कशी ठरवली, कोणती बोली नंतर सोडून दिली, चुकीच्या उतारीनंतर टेबलावर काय बोलणे झाले, या प्रश्नांच्या उत्तरांतून स्वभाव जितका दिसतो तितका गुणांच्या तक्त्यातून दिसत नाही. गो किंवा स्क्रॅबलसाठीही हेच तत्त्व लावावे: त्या खेळात श्रेणी कशी ठरते ते एका वाक्यात सांगावे आणि मग माणसाकडे वळावे.

लेखात संपूर्ण डाव छापण्याचा मोह टाळावा. एक स्थिती, एक निर्णय आणि त्या निर्णयाचा परिणाम एवढे पुरते. कोणती स्थिती निवडायची, हे त्या व्यक्तीच्या स्वतःच्या टिपणांवरून ठरवावे. ज्या डावावर तिने सर्वाधिक लिहिले, तो बहुधा हरलेला डाव असतो, आणि तोच घ्यावा. आजच्या संगणकाने दाखवलेली सर्वोत्तम खेळी मजकुरात आणायची असेल, तर ती खेळी घड्याळ चालू असताना पटासमोर बसलेल्या माणसाला दिसण्याजोगी होती का, हे एखाद्या अनुभवी खेळाडूला विचारून घ्यावे.

दोन्ही बाजू एकत्र आणताना

एका मोठ्या कागदावर वर्षांचा स्तंभ काढून एका बाजूला नोकरी, प्रकल्प, पेटंट आणि दुसऱ्या बाजूला स्पर्धा, रेटिंग, क्लब अशी मांडणी करावी. तिसऱ्या स्तंभात घरातल्या घटना लिहाव्यात. हा तिसरा स्तंभ लेखक वगळतात आणि मग फसतात. चार वर्षे स्पर्धेत नाव दिसत नाही आणि त्याच काळात एक औषध चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यावर होते, असे दिसले की ‘कामासाठी खेळ सोडला’ हे वाक्य आपोआप तयार होते. खरे कारण लहान मूल, आजारी आई किंवा बंद पडलेला क्लबही असू शकते. विचारल्याशिवाय लिहू नये.

सर्वांत मोठा मोह वेगळाच आहे. रोगाशी मांडलेला डाव, रेणूंच्या खेळ्या, शेवटचा शह, अशी वाक्ये या विषयावर लिहिताना हाताशी येतात. ती सगळी काढून टाकावीत, कारण ती चुकीची माहिती देतात. बुद्धिबळात नियम ठरलेले असतात, दोघांनाही सारा पट दिसतो, आणि समोरासमोरच्या डावाचा निकाल बहुधा त्याच दिवशी लागतो. प्रयोगशाळेत नियम काय आहेत हेच शोधायचे असते, समोर कोणी बसलेले नसते, आणि निकाल येईपर्यंत माणूस निवृत्त होऊ शकतो. अशी दोन कामे एकाच माणसाने आयुष्यभर का जवळ केली, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्या व्यक्तीच्या पत्रांत किंवा बोलण्यात सापडले, तर तिच्याच शब्दांत द्यावे. सापडले नाही, तर लेखकाने स्वतः रचू नये.

सर रॉबर्ट रॉबिन्सन यांचे उदाहरण इथे उपयोगी पडते, जरी ते मुख्यतः विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ होते. मॉर्फिनसारख्या अल्कलॉइडांवरच्या (वनस्पतींतल्या नायट्रोजनयुक्त संयुगांवरच्या) कामासाठी त्यांना १९४७ चे नोबेल मिळाले आणि १९५० ते १९५३ या काळात ते ब्रिटिश बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष होते. पटावरच्या बुद्धीमुळे ते रेणूंच्या रचना ओळखत, असे लिहिणे फार सोपे आहे. पण पेनिसिलिनच्या रचनेबद्दल त्यांनी ज्या पर्यायाचा पुरस्कार केला, तो चुकीचा ठरला. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या क्ष-किरण स्फटिकशास्त्राने बीटा-लॅक्टम, म्हणजे चार अणूंचे वलय असलेली, रचना सिद्ध केली. चांगल्या चरित्रात नोबेल, अध्यक्षपद आणि हा चुकलेला अंदाज, तिन्ही आपापल्या जागी येतात.

मुलाखती घेताना ‘ते कसे होते?’ असे विचारले तर ‘फार हुशार आणि नम्र’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ठरावीक प्रसंगांविषयी विचारावे. कोणता प्रकल्प थांबवण्यास त्यांचा विरोध होता? बैठकीत हरल्यावर ते काय करत? स्पर्धेसाठी रजा कशी मागत? नवशिक्या खेळाडूबरोबर खेळताना ते सोडून देत की पुरते हरवत? सहकाऱ्याला खेळाबद्दल आणि खेळाडूला कामाबद्दलही एक-दोन प्रश्न जरूर विचारावेत, कारण दुसऱ्या वर्तुळापर्यंत काय पोहोचत होते हेही त्यातून कळते. मसुदा तयार झाल्यावर संशोधनाचा भाग एखाद्या खेळाडूला आणि खेळाचा भाग एखाद्या रसायनशास्त्रज्ञाला वाचायला द्यावा. जिथे ते अडखळतील तिथे स्पष्टीकरण कमी पडले आहे. तांत्रिक चुकांसाठी मात्र ज्याचा भाग त्यालाच दाखवावा.

लेख प्रसिद्ध झाल्यावर कागदांची व्यवस्था लावणे बाकी राहते. संस्थेची वही संस्थेला परत करावी, पत्रे कुटुंबाच्या संमतीने एखाद्या विद्यापीठाच्या अभिलेखागाराकडे द्यावीत. बुद्धिबळाचे डाव १९९३ पासून प्रचारात असलेल्या पीजीएन या साध्या मजकुराच्या स्वरूपात टंकून संघटनेला किंवा क्लबाला सोपवावेत. त्यात प्रत्येक डावाआधी स्पर्धा, स्थळ, तारीख, फेरी, पांढऱ्या मोहऱ्यांचा खेळाडू, काळ्या मोहऱ्यांचा खेळाडू आणि निकाल अशा सात नोंदी कराव्या लागतात. तारखेचा जो भाग माहीत नसेल, त्या जागी अंदाजाने आकडा न घालता प्रश्नचिन्हे टाकावीत. या पद्धतीत तशी सोय मुद्दाम ठेवलेली आहे.