फ्लूचं मूल वॉर्डात: गंभीर होणार का, हे ओळखताना या चुका टाळा

ताप उतरला म्हणून मूल सुधारलं असं धरणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, फुप्फुसातला त्रास तसाच राहतो. अंदाज बांधायचा तो श्वासावर, आणि तोही पुन्हा पुन्हा बघून.

श्वास 15 सेकंद मोजून चारने गुणू नका. बाळाचा श्वास मुळातच कमीजास्त होतो. जुलै-ऑगस्टमध्ये वॉर्ड गच्च भरलेला असताना घाई होते हे खरं, तरीही मूल शांत असताना अंगावरचं बाजूला करून पूर्ण 60 सेकंद मोजा. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. फासळ्यांखाली खड्डा पडतोय, मूल कण्हतंय, तर आकडा काहीही असो, वरिष्ठांना लगेच बोलवा.

खरा धोका इथे आहे: सकाळी 64 असलेला श्वास दुपारी 38 झाला आणि मूल मलूल पडलंय. ही सुधारणा नव्हे, मूल थकलंय. त्याच क्षणी रक्तातला कार्बन डायऑक्साइड तपासा आणि आयसीयूला कळवा.

तक्त्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का (ऑक्सिमीटरचा आकडा) नुसता ‘97’ असा लिहू नका. ‘2 लिटर ऑक्सिजनवर 97’ लिहा. ऑक्सिमीटर लावलेला पाय गार असेल किंवा ऑक्सिमीटरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल, तर तो आकडा धरू नका. रक्तदाब चांगला आहे यावरही विसंबू नका. मुलांमध्ये तो सगळ्यात शेवटी पडतो. त्याआधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात.

‘आधी काही आजार नव्हता’ हाही दिलासा नाही. दोन वर्षांखालचं वय, दमा, हृदयाचे किंवा मेंदू-मज्जासंस्थेचे आजार यांनी धोका वाढतो. पण धडधाकट मुलंही आयसीयूत जातात.

रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तरी फ्लू असू शकतो. लक्षणं जुळत असतील तर पीसीआरची (विषाणू शोधणाऱ्या जास्त अचूक तपासणीची) वाट न बघता ऑसेल्टामिविर हे फ्लूविरोधी औषध सुरू करा, लक्षणं सुरू होऊन 48 तास उलटून गेले असले तरी. वर्षावरील मुलांना 15 किलोपर्यंत 30, 23 पर्यंत 45, 40 पर्यंत 60, त्यापुढे 75 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 5 दिवस. वर्षाखाली डोस प्रत्येक किलोच्या हिशेबाने काढतात. मूत्रपिंड बिघडलं असेल तर कमी करावा लागतो.

बरं होत आलेल्या मुलाला पुन्हा ताप चढला, तर ‘व्हायरल आहे’ म्हणून सोडू नका. वरून जिवाणूंचा न्यूमोनिया झालेला असू शकतो, बऱ्याचदा स्टॅफिलोकॉकस किंवा न्यूमोकॉकसचा. ब्लड कल्चर (रक्तात जिवाणू आहेत का, याची तपासणी) घ्या, छातीचा एक्स-रे पुन्हा काढा आणि अँटिबायोटिक लांबवू नका.